बेडकाच्या रांगेतला निवटा

मित्रांनो, बरणीत डोकावताना तुम्ही नाक मुरडता ते मला दिसतं बरं का! हा वास फॉर्मलिनचा आहे, माझा नाही. मी निवटा. खाडीच्या चिखलातला मासा, वीतभर लांब, डोळे पार डोक्यावर. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, लाकडी कपाटाच्या दुसऱ्या फळीवर पंधरा वर्षं काढली मी. इथल्या मुलांना समुद्र म्हणजे नकाशाच्या डाव्या अंगाचा निळा रंग. आणि इतकी वर्षं त्यांचं बोलणं ऐकून आता माझ्याही तोंडी 'लय' येतं. चालायचंच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला आता काही वाटत नाही. फॉर्मलिन अंगात मुरलं की आधी कातडं बधिर होतं, मग कल्ले, मग जे काही उरलेलं असेल ते. तेव्हा हा मासा आता रडेल, मग रडेल, अशी वाट बघत बसू नका. जे झालं ते सांगतो.

माझा जन्म उरणकडच्या खाडीतला. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल आणि काठाला तिवरांची झाडं. तिवरांच्या मुळ्या चिखलातून खिळ्यांसारख्या वर येतात, कारण त्या चिखलात हवा नसते आणि झाडालाही श्वास लागतोच. ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्यामागे पळत सुटतात. आम्ही कशाला पळू? पाणी हटलं की आमचा दिवस सुरू. कल्ल्यांच्या पिशवीत घोटभर पाणी धरायचं आणि कातडं ओलं ठेवायचं. ते ओलं असलं की त्यातूनही श्वास चालतो. वाळायला लागलं की चिखलात एका कुशीवर लोळायचं. डोळे कोरडे पडले की खोबणीत ओढायचे, भिजवायचे, पुन्हा वर काढायचे. पुढचे दोन पर दांडगे. त्यांच्यावर जोर देत, कुबड्या घेतलेल्या माणसासारखं पुढं सरकायचं आणि मान हलवत चिखलावरची शेवाळाची साय खरवडून खायची. अंगावर निळे ठिपके होते माझ्या, चमकणारे. आता हा मातकट रंग दिसतो तो नंतरचा.

आमचं घर म्हणजे बीळ. हातभर खोल जायचं, वळायचं आणि शेवटी वर उचललेली एक खोली. त्या खोलीच्या छताला मादी अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढची राखण बापाची. बिळातलं पाणी असं कोंदट, की अंडी गुदमरून जातील. म्हणून बाप वर येतो, तोंड भरून हवा घेतो, खाली जाऊन खोलीत सोडतो आणि पुन्हा वर येतो. ओहोटी असेपर्यंत त्याला दुसरा उद्योग नाही.

मला धरलं तेव्हा माझ्या तोंडात हवा होती. निवटे धरणाऱ्या बाईनं खांद्यापर्यंत हात बिळात घातला आणि मला अलगद वर काढलं. तिकडं निवट्याचं कालवण चवीनं खातात, तिची काही चूक नाही. त्या दिवशी शाळांना नमुने पुरवणारा एक माणूस बंदरावर आला होता, त्यानं टोपलीतला मी निवडला, म्हणून कालवणाऐवजी बरणीत गेलो. अंड्यांचं पुढं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही.

बरणीवर त्या माणसानं चिठ्ठी लावली होती : 'निवटा. खाडीतील मासा.' पण एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात आमची पेटी एसटीच्या टपावर चढली आणि त्या रस्त्यांनी आमचे हाल केले. माझं झाकण सैल होऊन फॉर्मलिन पाझरलं, चिठ्ठीचा लगदा झाला. त्याच पेटीत बेडकाच्या वाढीच्या चार बरण्या होत्या. पहिलीत अंडी, दुसरीत भैरा, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, तिसरीत पाय फुटलेलं पिल्लू, चौथीत अख्खा बेडूक. त्यातली तिसरी फुटली.

पेटी उघडली ती मुंजाजीनं आणि रंगनाथ सरांनी. मुंजाजी प्रयोगशाळेचा शिपाई. दिसेल त्या वस्तूशी गप्पा मारणारा माणूस. रंगनाथ सर जीवशास्त्राचे शिक्षक. पोखर्णीकडचे, चाळिशी ओलांडलेले, मोत्यासारख्या अक्षराचे. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "घ्या! तिसरीच फुटली. आता रांग अर्धवट राहिली."

मुंजाजीनं मला उजेडाकडं धरलं. "सर, ही बरणी बघा की. डोळे बेडकाचे, शेपूट माशाचं, अन् पुढून पाय बी फुटायलेत. ह्यो बेडूक व्हायलाय!"

सरांनी चष्मा पुसला, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू! त्यांनी लगेच कागद कापला, दौत उघडली आणि लिहिलं : 'बेडकाचे रूपांतर, अवस्था तिसरी.' चांगला घट्ट डिंक लावून चिकटवलं. मी ओरडणार कशानं? आणि ओरडून तरी काय झालं असतं?

तर असा मी बेडूक व्हायला लागलो, तो आठ वर्षं होतच राहिलो. पोरांनी वह्यावह्यांमधून माझी चित्रं काढली. एक्याऐंशी साली सरांनी आमच्या चार बरण्या परभणीच्या विज्ञान प्रदर्शनात नेल्या. तिसरी अवस्था इतकी मोठी आणि इतकी स्पष्ट आपण कधी पाहिली नाही, असं एक तपासनीस म्हणाले. कशी पाहतील बिचारे! आम्हाला दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्राला चौकट करून सरांनी ते माझ्या कपाटावरच टांगलं. सर माझी बरणी स्वतः पुसायचे, मुंजाजीलाही हात लावू द्यायचे नाहीत. माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि तेही दुसऱ्याच्या नावानं.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात बारावीचा वर्ग टेबलाभोवती उभा होता. बत्तीस मुलं. सरांनी मला मधोमध ठेवलं आणि मागच्या ओळीतली एक मुलगी एकदम म्हणाली, "अगं बाई, निवटा!"

आठ वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. मला काही वाटलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण ऐकू आलं, एवढं खरं.

"निवटा म्हंजे काय गं? निवडुंगाचा भाऊ का?" एक पोरगा म्हणाला आणि वर्ग खदाखदा हसला.

ती मुलगी म्हणजे सत्यशीला. दोन वेण्या, धुऊन धुऊन विटलेला गणवेश, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. "हसा खुशाल. सर, हा खरंच निवटा आहे. मासा आहे, खाडीतला. मी हातानं धरलेत. आम्ही चार वर्षं उरणला होतो, बाबा मिठागरावर होते ना."

तिकडं कशामुळं गेला होतात, असं सरांनी विचारलं नाही. वर्गाचं हसूही थांबलं. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. सत्यशीलेचे वडील भगवानराव, त्यांचं घर त्यात जळालं. पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. म्हणजे बघा, माझी ओळख ह्या शाळेत एकाच लेकराला पटली, आणि ती का पटली ते असं आहे.

"अजून एक, सर," सत्यशीला म्हणाली. "बेडकाला आधी मागचे पाय फुटतात. पुढचे मागून. ह्याला तर पुढचेच आहेत. मागचे कुठायत?"

आता आली का पंचाईत! समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण शेतातल्या डबक्यातले भैरे सगळ्यांनी पाहिले होते. पोरं माना वाकवून माझे पाय मोजायला लागली. "खरंय की सर, मागचे न्हाईतच," असं तो निवडुंगवालाच म्हणाला. आणि गंमत अशी, की पुस्तकातही आधी मागचे पाय असंच छापलेलं होतं. सर आठ वर्षं तेच शिकवत होते, माझ्या पुढच्या परांवर पट्टी टेकवून.

सरांनी एकदा भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडं पाहिलं. "परीक्षेत आपल्या बरणीवर जे आहे तेच येतं," ते म्हणाले. "तेच लिहा. चला, तास संपला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंजाजीला डबक्यातून भैरे आणायला सांगितलं. ते एका पत्र्याच्या पाटीत, पाण्यात ठेवले, माझ्यासमोरच्या टेबलावर. रोज शाळा भरायच्या आधी सर यायचे आणि पाटीवर वाकून बघायचे. किती तरी दिवस. मग एका सकाळी भैऱ्यांना मागच्या बाजूला दोन बारीक पाय दिसले. पुढं काहीच नव्हतं. सरांनी ते बोटानं मोजले. मग कपाट उघडून माझ्याकडं पाहिलं.

"मुंजाजी," ते म्हणाले, "हे डबक्यात सोडून ये."

"का हो सर? चांगले पाय फुटायलेत की."

"सोडून ये म्हणालो ना."

म्हणजे सरांना कळलं होतं. हे तुम्ही ध्यानात ठेवा. त्या सकाळी प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो.

प्रॅक्टिकलची परीक्षा फेब्रुवारीत होती. सत्यशीलेला परभणीच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं आणि तिथं एकेका मार्कावर प्रवेश अडायचा. तिनं जर्नलमध्ये माझ्या चित्राखाली 'निवटा' लिहिलं होतं, सरांनी ते खोडून सही केली होती, आणि तिनं पुन्हा निवटाच लिहिलं होतं. शेवटी तिची आई सरजाबाई तिला घेऊन प्रयोगशाळेत आली.

"सर, तुमीच सांगा हिला," सरजाबाई म्हणाली. "माझं ऐकंना झालीय. रात्रंदिस एकच, निवटा अन् निवटा! मार्क गेले तर मंग काय करावं आमी?"

सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. "सत्यशीला, परीक्षकांना उत्तरांची यादी मी देतो. तिच्यात तिसरी अवस्था आहे. तू तेच लिही. दोन मार्कांचा प्रश्न आहे."

"सर, पण तुम्हाला काय वाटतं? हा कोण आहे?"

"मला काय वाटतं त्याला मार्क नसतात," सर म्हणाले.

सरजाबाई लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लिही ना माय, त्ये म्हंतेत तसं. एका मेल्या माशाच्या नावापायी कशाला..." आणि तिथंच थांबली. तिचा हात लेकीच्या पाठीवर तसाच राहिला. आपलं घर कशापायी गेलं होतं, ते तिला आठवलं असणार. तिनं पदर सारखा केला.

"तुझं तू बघ," ती म्हणाली आणि निघून गेली.

परीक्षेला बाहेरच्या जिल्ह्यातून दत्तराव नावाचे परीक्षक आले. पिकल्या मिशांचे, सारखा चहा पिणारे, स्वभावानं बरे. टेबलावर बारा नमुने मांडले होते, मी सातवा. माझी चिठ्ठी पांढऱ्या कागदानं झाकलेली. बत्तीस मुलं एकामागून एक माझ्यासमोर आली. एकतीस जणांनी पाहिलं न पाहिलं आणि भराभर लिहून पुढं गेली. सत्यशीला थांबली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, हसली नाही, घाबरलीही नाही, लिहिलं आणि आठव्या नमुन्याकडं सरकली.

तोंडी परीक्षेत दत्तरावांनी तिला विचारलं, "सातव्याला हे काय लिहिलंयस? निवटा? हा काय प्रकार?"

मग ती बोलली. कल्ल्यांतलं पाणी, ओलं कातडं, खोबणीत बुडवायचे डोळे, सगळं. बाप तोंडात हवा भरून बिळात नेतो, तेही. दत्तरावांचा चहा निवला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात नाही, सर. निवटे धरणाऱ्या बायकांनी सांगितलं. त्या बिळाच्या तोंडाशी बुडबुडे बघायच्या आणि मगच हात घालायच्या."

दत्तरावांनी तिला जायला सांगितलं. ती दाराशी जाऊन चपला घालायला लागली. तेवढ्यात ते रंगनाथ सरांना म्हणाले, "सर, पोरगी बोलली मात्र झकास. आता हिचं काय करायचं? ही बरोबर असेल तर बाकीचे एकतीस चूक. ते बरोबर असतील तर ही चूक. मी काही समुद्र पाहिला नाही बुवा. शाळा तुमची, बरणी तुमची. तुम्ही सांगाल ते."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मीही त्यांच्याकडं पाहत होतो; मला पापण्या नाहीत, दुसरीकडं बघायची सोय नाही. त्या एकतीस पोरांना चुकीचं शिकवलं ते सरांनीच, आणि आता खरं बोलले तर एकतीस जणांचे मार्क जाणार होते. पोटच्या पोरांसारखा जीव लावायचे ते वर्गाला, हेही मी बघितलेलं आहे. त्यांच्या जागी दुसरं कुणी काय बोललं असतं, मला माहीत नाही.

"तिसरी अवस्था," सर म्हणाले.

दत्तरावांनी तांबड्या पेनानं रेघ मारली. सत्यशीला दारातच होती. तिनं ऐकलं. एक चप्पल पायात, एक हातात, अशी क्षणभर उभी राहिली आणि मग दुसरीही घालून चालती झाली.

जूननंतर एकदा मुंजाजी फडकं मारता मारता मला म्हणाला, "शेतकीच्या यादीत सत्यशीलेचं नाव न्हाई आलं म्हनं. समदे परत तिकडंच गेलेत, मिठागरावर." त्या दोन मार्कांमुळंच नाव हुकलं, असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही. सरांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते कधी शोधून काढलं नाही.

त्यानंतर सरांनी मला पुसणं सोडलं. बेडकाचा धडा आला की फळ्यावर चित्र काढायचे. कपाट काही उघडायचे नाहीत. झाकणाचं मेण सुकलं, फॉर्मलिन उडत गेलं. आधी शेपटीचं टोक उघडं पडलं आणि पिवळं होऊन वाळलं. मग माझ्यावर झुरळं मारायच्या औषधाचा पुडा ठेवला गेला. पाच-सहा वर्षं अशीच गेली. दुखलं का विचाराल, तर नाही दुखलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत एक दिवस मुंजाजी घाईघाईनं आत आला. "सर, रेडिओवर सांगितलं! दिलं नाव विद्यापीठाला. जुनं बी ठिवलं, म्होरं बाबासाहेबांचं लावलं." सर खुर्चीत बसले होते. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मग उठून त्यांनी कपाट उघडलं, तो पुडा बाजूला केला आणि मला बाहेर काढलं.

आधी नवं फॉर्मलिन घातलं. मग ओल्या फडक्यानं आणि पत्तीनं जुनी चिठ्ठी खरवडायला लागले. कसली निघते! पंधरा वर्षांचा डिंक तो. बोटाला पत्ती लागली, रक्त आलं, चिठ्ठी तशीच.

"ऱ्हाऊ द्या की सर," मुंजाजी म्हणाला. "खाली दुसरी लावा."

सरांनी पांढरा कागद कापला आणि लिहिलं : 'निवटा. खाडीतील मासा.' अक्षर मोत्यासारखं राहिलं नव्हतं. ते जुन्या चिठ्ठीखाली चिकटवलं. तेव्हापासून माझ्यावर दोन नावं आहेत आणि नवीन पोरं विचारतात, हा नक्की कोण?

त्याच टेबलावर बसून सरांनी एक पत्र लिहिलं आणि मुंजाजीला वाचून दाखवलं. लहानसंच होतं. 'चि. सत्यशीला, सातव्या नमुन्याचं तुझं उत्तर बरोबर होतं. परीक्षेच्या दिवशी मला ते माहीत होतं. रंगनाथ.' मुंजाजी लय वेळ गप्प राहिला, आणि तो गप्प राहिलेला मी तेवढाच एकदा पाहिला. पत्र उरणच्या मिठागराच्या पत्त्यावर गेलं आणि महिन्याभरानं परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलं होतं, 'या नावाचे कोणी येथे राहत नाही.' सरांनी ते न फोडता माझ्या बरणीला टेकवून ठेवलं. मेमध्ये ते निवृत्त झाले. पाकीट इथंच आहे.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी काहीतरी मागायचं असतं, नाही का? माझी काच पुसा, माझं झाकण घट्ट लावा, असं मी मागत नाही. मला त्यानं काही फरक पडत नाही. कुणावर नाव चिकटवायच्या आधी त्याचे पाय तेवढे नीट मोजत जा. डिंक एकदा वाळला की निघत नाही. आणि तुमच्यातलं कुणी कधी समुद्राकडं गेलं, आणि तिकडं सत्यशीला भगवानराव नावाची बाई भेटली, आता चोविशी-पंचविशीची असेल, तर तिला पत्रातलं दुसरं वाक्य सांगा. पहिलं नाही सांगितलं तरी चालेल. आपलं उत्तर बरोबर होतं, हे तिला माहीतच आहे. सरांनाही ते माहीत होतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.